डिफॉल्ट

सोहारला रात्री साडेनऊनंतर इमारतीचा एसी बंद होतो,
सर्व्हररूमचा होत नाही.
म्हणून मी जुलैच्या उकाड्यात शाल पांघरून
तिथे स्टुलावर बसते,
मांडीवर मुदस्सर परकारचा कोड.

तो मार्चमध्ये गेला.
व्हिसा कॅन्सल, बँकेत एक सही,
विमानतळापर्यंत कंपनीची पांढरी गाडी.
एप्रिलमध्ये मी आले. त्याचीच खुर्ची,
फक्त दोन इंच खाली केली.

काम एवढंसं:
दर पंचवीस तारखेला
बंदरावरच्या तीनशे बारा माणसांना पगाराची पावती.
पत्राच्या आधी सेशन करावं लागतं.
सेशन म्हणजे पत्र नव्हे, टपालवालाही नव्हे.
त्याला ठाऊक असतं
कुठल्या होस्टकडे जायचं,
पोर्ट पाचशे सत्त्याऐंशी,
कुलूप लावून बोलायचं की उघड्यावर,
आणि पलीकडून "तू कोण" आलं
तर नाव-पासवर्ड घेऊन कुणी पुढे व्हायचं.
बास. बोललेलं ते अजून कुणाशीच नसतं.
एजंटच्या हपिसात
फोटो, मेडिकल, पासपोर्ट फायलीत लावून
बाकड्यावर बसलेला पोरगा असतो ना,
तसं.

मी सगळं नीट भरलं.
पाठवणारा: वेतन विभाग, नवा पत्ता.
चाचणी म्हणून एक पावती शिबूला पाठवली.
शिबू गोदीवरून धावत आला,
"मॅडम, मुदस्सरभाई वापस आ गया क्या?"

दुसऱ्या रात्रीही त्याचंच नाव.
तिसऱ्या रात्री सापडलं.
त्याने डिफॉल्ट सेशन घेतलं होतं, आणि त्याच्याखाली मीही.
डिफॉल्ट एकदाच तयार होतं, जो पहिला मागेल त्याच्यासाठी.
नंतरच्याला तेच हातात ठेवतात.
तुम्ही काय भरून आणलंत
ते कुणी वाचतसुद्धा नाही.
नाही म्हणत नाहीत, चूकही दाखवत नाहीत.
पहाटे चारला त्याचा जुना जॉब उठतो,
जहाजांची यादी पाठवण्याआधी आपलं नाव सांगतो,
आणि दिवसभर आम्ही सगळे
मुदस्सर परकार.

चिडायला हवं होतं.
पण त्या ओळीच्या वर इंग्रजी अक्षरांत
चक्क मराठीत लिहिलेलं:
हात लावू नको. चालतंय.

मग त्याची बंद झालेली पेटी उघडून घेतली.
उत्तरं साचली होती तिथे.
ओव्हरटाइम चौदा तास कम है भाई.
फाइल खुलता नहीं.
कुणाला दाखल्यावर शिक्का हवा, मुलीच्या शाळेसाठी.
आणि क्रेनवर बसणारा बख्तावर,
मार्च, एप्रिल, मे, जून,
दर पंचवीसला त्याची एकच ओळ:
मिल गया भाई, शुक्रिया.
यंत्राला.

मी डिफॉल्ट शब्द खोडला.
नवं सेशन केलं, स्वतःचं, कुणाशी वाटून न घेतलेलं.
उत्तराचा पत्ता माझा दिला, माणसाचा.
डीबग चालू ठेवलं,
म्हणजे पडद्यावर दोघांचं बोलणं दिसतं.
आधी पलीकडचा बोलतो: दोनशे वीस, तयार आहे.
मग आपण म्हणायचं एहलो.
हॅलोच. कुणीतरी घाईत उलटसुलट अक्षरं दाबल्यासारखं.
किती वर्षं कुणी दुरुस्त केलं नाही,
आणि तरी रोज सगळीकडे दार उघडतं.

त्याची कॉमेंट काढली नाही.
खाली एक ओळ घातली:
लावला. चालतंय.

पंचवीस तारखेला सकाळी सहा चाळीसला
बख्तावरचं आलं:
मिल गया. नाम दूसरा है, भाई किधर गया?

ह्याचं उत्तर प्रोग्रॅममधून देता आलं असतं.
मी हाताने टाइप केलं,
घर गया,
आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून
चहा निवेपर्यंत बसले.